'१९८४' की 'फॅरेनहाइट ४५१'? पावसाळ्यातल्या वाचनगटासाठी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारून ठेवलेल्या, त्यामुळे संध्याकाळी वाचनालयात टेकायला माणसं मोकळी. या दोन महिन्यांत गटाला एकच कादंबरी नीट वाचून होईल. विषय 'पाळत आणि माहितीवरचा ताबा' ठरला की कोणीतरी लगेच '१९८४' सुचवतं. माझं मत, आधी रे ब्रॅडबरीची 'फॅरेनहाइट ४५१' घ्या.

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' मधला (१९४९) टेलिस्क्रीन, म्हणजे दाखवणारा आणि बघणाराही पडदा, भिंतीवर लादलेला आहे. आवाज कमी करता येतो, पण तो बंद होत नाही. पलीकडून आत्ता कोणी बघतंय का, हे कधीच कळत नाही. बदल्यात मिळतं काय, तर फुगवलेले आकडे आणि सकाळची सक्तीची कवायत. त्याचा राग येणं सोपं आहे.

आपल्या किनाऱ्यावर मात्र राग कोणावर काढायचा हेच कळत नाही. २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींची नोंदणी कडक झाली. इस्रोच्या तंत्रावरचा ट्रान्सपाँडर बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळवतो, पण वादळाचा इशाराही त्यावरच येतो आणि संकटात हाकही त्यावरूनच मारता येते. कुठला तांडेल (बोटीचा प्रमुख) तो समुद्रात फेकून देईल? जीव वाचवणारं आणि नजर ठेवणारं यंत्र एकच, ही अडचण ऑर्वेलच्या नायकाला नाही.

ब्रॅडबरी (१९५३) या अडचणीच्या जवळ जातो. नायकाची बायको मिल्ड्रेड भिंतीएवढे तीन पडदे लावून बसली आहे आणि चौथा हवा म्हणून हट्ट करते. किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा! पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्यांचा कॅप्टन बीटी तर सांगतो की सुरुवात सरकारी हुकुमाने झालीच नाही. लोकांनाच थोडक्यात, कोणाला न दुखवणारं हवं होतं. शेवटाकडे नायकाचा पाठलाग थेट प्रक्षेपित होतो, सगळ्या शहराला एकाच वेळी दार उघडून बाहेर बघायला सांगतात, आणि तो निसटल्यावर कॅमेऱ्यासमोर दुसऱ्याच एका निरपराध माणसाला मारून गोष्ट संपवतात. गटात चर्चा पेटवायला एवढी पानं पुरतील.

माहितीवरच्या ताब्याबाबत मात्र '१९८४' सरस. नायक विन्स्टनचं कामच वर्तमानपत्राचे जुने अंक सरकारच्या सोयीने 'दुरुस्त' करण्याचं आहे. चॉकलेटचा शिधा तीस ग्रॅमवरून वीसवर येतो आणि वीसवर 'वाढवल्याबद्दल' आभार मानले जातात. आजच्या भारतात जुनी वर्तमानपत्रं कोणी भट्टीत टाकत नाही. तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली मजकूर रोखता येतो आणि तो आदेश नियमानेच गोपनीय असतो. दुसऱ्या पारड्यात २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. विन्स्टनला दाद मागायला न्यायालयच नव्हतं, त्यामुळे 'आपण तिथे पोचलोच' असं कोणी ठोकून दिलं तर त्याला अडवा.

गावात पाळत नवी आहे का, हा प्रश्न कोणीतरी काढेलच. रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत होता, आणि एसटीतून उतरणाऱ्याला "खंय चल्लास?" विचारल्याशिवाय आपला पार सोडत नाही. पण पारावर बसलेल्याचं नाव-गाव आणि त्याची भानगडही आपल्याला ठाऊक असते. मोबाइलमधल्या ॲपकडे आपली बित्तंबातमी असते, त्याचा मालक मात्र आपल्याला दिसत नाही.

वाचायच्या दृष्टीने 'फॅरेनहाइट' छोटी आहे, पण भाषा काव्यमय, पहिली वीसेक पानं अडखळवतील. '१९८४' ची गोष्ट सरळ, फक्त मधे गोल्डस्टाइन या राजवटीच्या शत्रूच्या ग्रंथातली प्रकरणं येतात तिथे गट गळतो. ती पहिल्या वाचनात चाळली तरी चालेल. ऑल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) या विषयासाठी तिसरी. तिथे माणसं सोमा नावाच्या नशेच्या गोळीने इतकी खूश असतात की त्यांच्यावर नजर ठेवायची फारशी गरजच पडत नाही.

गटात बारावीची किंवा कॉलेजची मुलं जास्त असतील तर मात्र क्रम उलटा करा. त्यांना आधी विन्स्टन भेटू दे, मिल्ड्रेड श्रावणात.