लघवीतून मायक्रोआरएनए काढायचं किट: कॉलम उत्तम, कंट्रोल भरवशाचा नाही

किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचे लघवीचे नमुने माझ्या बेंचवर येतात. त्यातून मायक्रोआरएनए (जनुकांचं काम कमी-जास्त करणारे बारीक आरएनए) वेगळे करून पीसीआरला, म्हणजे नेमका तुकडा वाढवून मोजणाऱ्या चाचणीला, लावायचे, हे माझं काम. सध्या त्यासाठी वापरते त्या कॉलमवाल्या (आरएनए धरून ठेवणारी सिलिकाची गाळणी असलेल्या) किटबद्दल लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम गाळलं आहे, कारण पुढे तक्रार आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) तुकडा. साध्या आरएनए किटच्या कॉलममधून तो बहुतांश खाली निघून जातो. इथे कॉलमवर चढवण्याआधी इथेनॉल जास्त घालायला लावलं आहे, म्हणून बारीक आरएनएही सिलिकाला धरून राहतो. काम खरंच चोख होतं. पारख करायची तर नॅनोड्रॉपच्या (प्रकाशावरून आरएनए किती ते सांगणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर जाऊ नका. लघवीत आरएनए इतका थोडा असतो की तो आकडा कशालाच उपयोगी नाही. किटमधला, प्रत्येक नमुन्यात सारखाच घालायचा कृत्रिम मिर-३९ बघा (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए). तो मूळचा सी. एलिगन्स कृमीचा, माणसात नसतो. त्याची सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीत तो दिसू लागतो तो आकडा) नमुन्यागणिक फारशी हलत नाही, यावरूनच मी कॉलमला पैकीच्या पैकी गुण देते. फक्त तो लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) मिसळल्यानंतरच घाला. आधी घातलात तर लघवीतले आरनेज (आरएनए तोडणारी विकरं) त्याचा फडशा पाडतात. रुग्णाचे स्वतःचे मायक्रोआरएनए एक्सोसोममध्ये (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत) किंवा प्रथिनांच्या आडोशाला असल्यामुळे वाचतात, या उघड्या बिचाऱ्याला कोण वाचवणार?

आता तक्रार. नॉर्मलायझेशनसाठी, म्हणजे सगळे नमुने एका मापावर आणण्यासाठी, सोबत यू-६ या कंट्रोलचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे डीएनए तुकडे) दिले आहेत आणि खोक्यावर प्रत्यारोपणाच्या संशोधनासाठी शिफारसही छापली आहे. यू-६ हा मायक्रोआरएनए नव्हेच, तो पेशीच्या केंद्रकात राहणारा आरएनए. लघवीत तो बराचसा गळून पडलेल्या, फुटलेल्या पेशींमधून येतो. नव्या किडनीला इजा झाली, रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) सुरू झालं, की नलिकांच्या पेशी गळायला लागतात. म्हणजे जे मोजायचं त्याच्याबरोबर मोजायचा काटाही आजारी पडतो! त्यात प्रत्यारोपणानंतर कुणाची लघवी पाण्यासारखी वाहते, तर कुणाची किडनी उशिरा जागी होते. एकाच मिलिलिटरमध्ये कधी पातळ माल, कधी घट्ट. अशा वेळी यू-६ वर विसंबून ‘मिर-२१ वाढला’ म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं. मी मिर-३९ सोबत आमच्याच नमुन्यांत स्थिर दिसलेल्या काही मायक्रोआरएनएंची सरासरी घेते. त्यांचे प्रायमर वेगळे मागवावे लागतात, तो खर्च धरूनच किट घ्या.

पुस्तिकेत २००९ च्या गाजलेल्या अभ्यासाचा दाखला आहे. तीव्र रिजेक्शनमध्ये मिर-१४२-५पी, मिर-१५५ आणि मिर-२२३ वाढलेले आढळले, हे खरंच. पण ते बायोप्सीच्या तुकड्यांत, जिथे किडनीत घुसलेल्या रोगप्रतिकारक पेशी असतात. लघवीच्या किटने हा दाखला का मिरवावा? मिर-२२३ न्यूट्रोफिलमध्ये (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत) भरपूर असतो, त्यामुळे साधा मूत्रसंसर्गही तो वर नेऊ शकतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांना हा संसर्ग नवा नाही. लघवीवरचा दाखला हवाच होता तर २०११ चा होता: त्यात तीव्र रिजेक्शनमध्ये मिर-२१० उलट कमी झालेला दिसला होता.

लघवीतल्या पेशी असा आकडा बिघडवतात, म्हणूनच नमुना गोठवण्याआधी सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून) पेशी खाली बसवणं गरजेचं. पुस्तिकेत ही पायरी ‘ऐच्छिक’ म्हटली आहे. तो शब्द खोडून ठेवा. गोठवून वितळवल्यावर पेशी फुटतात, मग फिरवून काही उपयोग नाही. लघवीला गुलाबी झाक दिसली तर मिर-४५१ही लावून बघा, तो रक्ताच्या लाल पेशींमध्ये ठासून भरलेला असतो.

हेच किट प्लाझ्मालाही (रक्तातल्या द्रव भागालाही) चालतं म्हणतात. चालतं, पण रक्त ईडीटीए या गोठणरोधकाच्या ट्यूबमध्येच घेतलेलं हवं. हेपॅरिन हा दुसरा गोठणरोधक कॉलममधून आरएनएसोबत येतो आणि पीसीआर अडवतो. डायलिसिसमध्ये हेपॅरिन दिलं असेल तर त्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तातही हीच अडचण येऊ शकते, तेव्हा नमुना कधी घेतला ते वॉर्डात विचारून घ्या.

डॉक्टर मंडळींना क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढण्याआधी इशारा हवा असतो, आणि किट विकणारे तसं सुचवतातही. आमच्याकडे अजून निवाडा बायोप्सी आणि तिच्यातल्या रिजेक्शनची प्रतवारी ठरवणारं बॅन्फ वर्गीकरणच करतं. रुग्णाच्या रिपोर्टवर छापायचा आकडा काढण्यासाठी हे किट घेत असाल, तर घेऊ नका. संशोधनासाठी, मोठ्या संख्येने लघवीचे नमुने हाताळायचे असतील, तर जरूर घ्या. शेवटी आरएनए कॉलममधून उतरवताना दिलेल्या सर्वांत कमी पाण्यातच उतरवा. आधीच थोडा असतो, आणखी पातळ कशाला करायचा.