गावातला फोटोग्राफी वर्ग: पॅनिंग झकास, डबल एक्स्पोजरची पंचाईत

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भरणारा हा वर्ग संगणकाला हातच लावत नाही. जो परिणाम हवा, तो शटर दाबतानाच काढायचा. लग्नांचे फोटो काढणाऱ्या पोरांना आणि हौशी मंडळींना दोघांनाही कामाचा. पण हाती कॅमेरा कोणता यावर निम्मा अभ्यासक्रम अवलंबून आहे, आणि हे प्रवेश घेताना कोणी सांगत नाही.

सगळ्यात दमदार भाग पॅनिंगचा, म्हणजे धावत्या विषयाबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याचा, कारण सराव शंकरपटावर (बैलजोड्यांच्या शर्यतीत) होतो. शटर १/६० सेकंदापासून सुरू करून १/३० पर्यंत उतरवतात. १/१५ ला बैलांचे पाय सुरेख पुसट होतात, पण धुरकऱ्याचा (जोडी हाकणाऱ्याचा) चेहराही सोबत जातो. पाय रोवून कमरेतून वळायचं, जोडी समोर येण्याआधीच तिच्या मागे लागायचं आणि क्लिक झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा. बहुतेकांचं इथेच बिघडतं: बटण दाबताच हात थबकतो. फोकस कंटिन्युअस (विषयाचा सतत माग घेणारा) ठेवावा. हाताचा कंप थोपवणाऱ्या स्टॅबिलायझरला पॅनिंगचा मोड असेल तर तो लावावा, नसेल तर स्टॅबिलायझर बंद करून पाहावा. तो आडवी हालचालही रोखू बघतो. उभं मात्र दोरीच्या मागेच राहावं, जोडी कधी बिथरेल याचा नेम नसतो.

खरा अडथळा आपल्याकडच्या उन्हाचा. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ १६ (एफचा आकडा मोठा, तितकं भिंगाचं छिद्र लहान) ला शटर १/१०० च्या आसपास येतं, म्हणजे पॅनिंगला फारच झटपट. एफ २२ केलं तर १/५० मिळतं, पण चित्राची धार जाते आणि सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपके होऊन उमटते. उजेड आठपट कमी करणारा एनडी ८ फिल्टर लावला की एफ ११ वरच १/२५ मिळतं. तो स्वतःचा न्यावा, वर्गातले सगळ्यांना पुरत नाहीत. पर्याय म्हणून वेल्डिंगची काळी काच दाखवतात, पण ती पॅनिंगसाठी फारच गडद. ट्रायपॉडवर काही सेकंदांचं शटर ठेवून धरणाचं पाणी किंवा ढग टिपायला ठीक. तिची हिरवी झाक कस्टम व्हाइट बॅलन्सने (रंगछटा सावरणाऱ्या सेटिंगने) बरीच उतरते, पुरती जात नाही; मग सरळ कृष्णधवल करावं.

मल्टिपल एक्स्पोजरचं, म्हणजे एकाच चौकटीत एकावर एक फोटो चढवण्याचं (दोनच असले तर डबल), शिकवणं अर्धवट आहे. दोन फोटो असतील तर प्रत्येकी एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी, चार असतील तर दोन, हा नियम बरोबर, पण फक्त ‘अ‍ॅडिटिव्ह’ पद्धतीत, जिथे फोटोंच्या उजेडाची बेरीज होते. ‘अ‍ॅव्हरेज’मध्ये कॅमेरा हिशेब स्वतःच करतो, तिथेही स्टॉप कमी केले की फोटो काळवंडतो. आणि माणसाच्या काळ्या आकृतीत पऱ्हाटीची (कपाशीची) बोंडं भरायची असतील तर पहिल्या, आकृतीच्या फोटोला हा नियम लावूच नये. तिथे आकाश पांढरंफेक हवं, म्हणजे दुसरा फोटो फक्त काळ्या भागात उमटतो. हा फरक सांगितला जात नाही, म्हणून निम्म्या जणांच्या आभाळातही बोंडं दिसतात.

त्यात कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० मध्ये ही सोयच नाही. कॅनन ९०डी, निकॉन डी७५०० मध्ये आहे. नसेल तर अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्यापुढे १० सेकंदांचं शटर ठेवावं आणि माणसाची जागा बदलून हातातला फ्लॅश दोनदा मारावा. इतका सोपा उपाय वर्गात आवर्जून दाखवायला हवा.

अंधारात टॉर्चच्या उजेडाने चित्र रंगवण्याचं रात्रीचं सत्र नीट होतं: ३० सेकंद, एफ ८, आयएसओ २००, टॉर्च सतत हलती. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरमुळे येणारे दाणे काढणारी सोय) चालू असेल तर कॅमेरा पुढचे ३० सेकंद अडून बसतो. तो हँग झालेला नसतो, बॅटरी काढू नये. उन्हाळ्यात सेन्सर तापून दाणे वाढतात, त्यामुळे ती सोय चालूच ठेवावी आणि जास्तीची बॅटरी न्यावी.

सागाच्या खोडांवर १/४ सेकंदात कॅमेरा वरून खाली ओढण्याचा प्रयोग पानगळ झाल्यावरच खुलतो. पावसाळी बॅचला नुसता हिरवा चिखल मिळतो. फक्त मोबाइल असणाऱ्यांनी रात्रीचंच सत्र घ्यावं. बहुतेक मोबाइलचं अ‍ॅपर्चर बदलत नाही, आणि दिवसा फिल्टरशिवाय शटर लांबवलं की हाती पांढरा कागद येतो.