प्रथिन निवडून थेट ग्रिडवर: नेटिव्ह आयन-बीम डिपॉझिशन यंत्राचं परीक्षण

क्रायो-ईएममध्ये (प्रथिन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याची रचना पाहण्याच्या तंत्रात) महिनेच्या महिने जातात ते चांगली ग्रिड, म्हणजे नमुना धरणारी छोटी जाळी, मिळवण्यात. प्रथिन शुद्ध आहे, जेलवर एकच पट्टा दिसतोय, क्रोमॅटोग्राफीचं शिखरही देखणं आहे. आणि ग्रिड पाहावी तर निम्मे कण फुटलेले आणि उरलेले सगळे एकाच कुशीवर झोपलेले. या दुखण्यावर ऑक्सफर्डमधल्या श्टेफान राउशेनबाख यांच्या गटाने मुळातूनच वेगळा उपाय काढला. थेंब टिपून गोठवायचाच नाही. प्रथिनाचे आयन करायचे, मास स्पेकमध्ये (आयनांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) हवं तेच वस्तुमान निवडायचं आणि अलगद ग्रिडवर उतरवायचं. थर्मो फिशरच्या क्यू एक्झॅक्टिव्ह यूएचएमआर या मास स्पेकला मागच्या बाजूने जोड देऊन, थर्मोच्याच शास्त्रज्ञांच्या सोबतीने त्यांनी हे यंत्र उभारलं. २०२२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं. पद्धतीचं नाव नेटिव्ह इलेक्ट्रोस्प्रे आयन-बीम डिपॉझिशन; 'नेटिव्ह' म्हणजे प्रथिनाची मूळ घडी टिकवून. यंत्र काय देतं, काय काढून घेतं आणि त्यावर कुणी वेळ घालवावा, हे इथे पाहू.

आधी नेहमीच्या पद्धतीचा हिशेब. ३ मायक्रोलिटर थेंब ग्रिडवर ठेवायचा, १०० टक्के आर्द्रतेत फिल्टर पेपरने काही सेकंद टिपायचा आणि द्रव इथेनमध्ये बुडवायचा. नमुना १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर थेंबात ३ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, पण जवळजवळ सगळं कागदात जातं. उरलेली पाण्याची फिल्म काही दशक नॅनोमीटर जाडीची. एवढ्या पातळ थरात प्रथिनाचा रेणू गोठण्याआधीच हवा-पाण्याच्या सीमेवर पुन्हा पुन्हा आदळतो. तिथे तो उलगडतो, चिकटतो किंवा ठरावीक बाजूनेच उभा राहतो. दुसरी अडचण म्हणजे थेंबात जे आहे ते सगळंच ग्रिडवर येतं: सुटे उपघटक, अर्धवट जुळलेली संकुलं (उपघटक एकत्र येऊन बनणारे मोठे रेणू), सोबतची घाण. त्यांना वेगळं काढायचं काम मग संगणकावर वर्गीकरणाने करावं लागतं.

हे यंत्र या दोन्ही अडचणींना एकदम हात घालतं. यात हवा-पाण्याची सीमा गोठवण्याच्या टप्प्यात येतच नाही आणि निवड ग्रिडवर उतरण्याआधीच होते. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे, कारण पहिलीवर स्वस्त उपाय निघाले आहेत. दुसरीवर मात्र मास स्पेकमधून आयन उतरवण्याशिवाय असं उत्तर नाही.

आता यंत्राच्या अंगाने पुढे जाऊ. सुरुवात काचेच्या नॅनोस्प्रे केशिकेपासून. टोक एक-दोन मायक्रोमीटरचं, विद्युतदाब जवळपास एक ते दीड किलोव्होल्टचा, नमुना काही मायक्रोमोलर. बफर म्हणून २०० मिलिमोलर अमोनियम अॅसिटेट, कारण ते उडून जातं. सोडियम क्लोराइड, ट्रिस, ग्लिसरॉल यातलं काहीही मागे राहिलं तर वर्णपटातली (वस्तुमानांच्या आलेखातली) शिखरं रुंद होतात, वस्तुमान खऱ्यापेक्षा जड दिसतं आणि निवडीची खिडकी कुठे लावायची तेच कळत नाही. म्हणून छोट्या स्पिन कॉलमवर दोनदा बफर बदलावा. एकदा केल्याने बहुतेक वेळा भागत नाही.

एक बाब इथेच स्पष्ट करायला हवी, कारण अनेकांची गल्लत इथे होते. अमोनियम अॅसिटेट सामू ७ च्या आसपास बफर नाहीच. त्याची बफर म्हणून ताकद ४.७५ आणि ९.२५ या दोन टोकांजवळ आहे. मधल्या भागात तो जवळजवळ निराधार असतो. स्प्रे चालू असताना केशिकेतला सामू आम्लाकडे सरकतो. सामूला नाजूक असलेलं संकुल तासभर चाललेल्या स्प्रेमध्ये सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरंच असू शकतं. त्यामुळे डिपॉझिशनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वर्णपट घ्यावा. तसंच मॅग्नेशियम किंवा एटीपीवर उभं असलेलं संकुल बफर बदलतानाच सुटून गेलं, तर त्याचा दोष मास स्पेकवर टाकण्यात अर्थ नाही.

आयन आत आले की पाण्याचे आणि क्षारांचे उरलेले रेणू झटकण्यासाठी त्यांना सौम्य टकरा दिल्या जातात. टकरा कमी पडल्या तर पाणी चिकटून राहतं, जास्त झाल्या तर उपघटक सुटतो. पुढे क्वाड्रुपोल, म्हणजे ठरावीक आयनच पुढे सोडणारी चाळणी. यूएचएमआरची ऑर्बिट्रॅप, म्हणजे वस्तुमान मोजणारा भाग, ८०,००० पर्यंतचं वस्तुमान-भार गुणोत्तर मोजते. क्वाड्रुपोलची निवडीची कक्षा त्याहून बरीच खाली थांबते, पण आपल्या कामाला पुरते. बीटा-गॅलॅक्टोसिडेज या प्रथिनाचं ४६५ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) चतुष्टय, म्हणजे चार उपघटकांचं संकुल, घ्या. त्यावर ४५च्या आसपास भार असेल तर ते १०,३०० च्या जवळ दिसतं, म्हणजे आरामात कक्षेत.

या रचनेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की त्याच स्प्रेचा, त्याच नमुन्याचा वर्णपट आधी ऑर्बिट्रॅपवर पाहता येतो आणि मग तोच झोत मागच्या बाजूने ग्रिडकडे वळवता येतो. टकरीच्या कक्षात आयन थंड होतात, त्यांचा वेग एकसारखा होतो, आणि तिथून पुढच्या भिंगांमधून ते उतरण्याच्या मंचावर पोचतात. ग्रिडवर काय उतरतंय, ते उतरण्याआधी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कागदाने टिपण्याच्या पद्धतीत ही खात्री कधीच मिळत नाही.

आता उतरण्याविषयी. आयनांची ऊर्जा अडसर-जाळीने मोजतात: जाळीवरचा विद्युतदाब हळूहळू वाढवायचा, प्रवाह कुठे कोसळतो ते पाहायचं, आणि त्यावरून ग्रिडवर किती व्होल्ट द्यायचे ते ठरवायचं. प्रत्येक भारामागे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हा या गटाने वापरलेला आकडा. तो लहान वाटतो, पण ४५ भारांच्या रेणूसाठी तो ९० इलेक्ट्रॉनव्होल्ट होतो. रेणू मोठा असल्याने ही ऊर्जा अनेक बंधांमध्ये वाटली जाते आणि घडी टिकते. जाळीने न मोजता अंदाजाने व्होल्ट लावले तर दोनच गोष्टी होतात: झोत परत फिरतो आणि ग्रिड कोरी राहते, किंवा कण आदळून चपटे होतात. मायक्रोस्कोपखाली चपटे कण "विरळ, पसरट डाग" म्हणून दिसतात, आणि नवखे लोक त्याचं खापर नमुन्यावर फोडतात.

किती वेळ उतरवायचं, याचं गणित प्रत्येकाने हाताने करून पाहावं. १ पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख भार. २० पिकोअँपिअरचा झोत, ४५ भार प्रति रेणू, अर्धा तास: हिशेब येतो साधारण ५ अब्ज रेणू. ३ मिलिमीटरच्या ग्रिडचं क्षेत्रफळ ७ चौरस मिलिमीटर. झोत सगळीकडे सारखा पसरला असं धरलं तर एका रेणूच्या वाट्याला १,४०० चौरस नॅनोमीटर येतात, म्हणजे ३७ बाय ३७ नॅनोमीटरचा चौकोन. प्रथिन साधारण १८ नॅनोमीटर लांबीचं, तेव्हा गर्दी अगदी योग्य. एक चौरस मायक्रोमीटरमध्ये सातशे कण. आणि या सगळ्याला प्रत्यक्ष उतरलेलं प्रथिन लागतं अवघं ४ नॅनोग्रॅम! प्रवाह १०० पिकोअँपिअर असेल तर त्याच अर्ध्या तासात कण एकमेकांवर चढायला लागतात, तेव्हा मोठा प्रवाह मिळाला म्हणून वेळ तसाच ठेवू नये. प्रवाह पाचपट असेल तर वेळ पाचवा हिस्सा करा.

निवडीची खिडकी अरुंद केली की प्रवाह घटतो, हे ओघानेच आलं. एकच भार-अवस्था पकडायची की तीन-चार शेजारच्या घ्यायच्या? रेणू तोच असेल तर घ्याव्यात, वेळ वाचतो. पण सुटा उपघटक किंवा जोडलेल्या लिगंडचं (प्रथिनाला चिकटणाऱ्या छोट्या रेणूचं) शिखर शेजारी असेल तर खिडकी अरुंदच हवी, नाहीतर या यंत्रावर येण्याचं कारणच उरत नाही.

ग्रिडचा आधार वाहक हवा. पातळ कार्बन किंवा ग्राफीन चालतं. आधार विद्युतरोधक असेल तर साठलेला भार नव्या आयनांना ढकलून देतो आणि ग्रिडच्या मध्यभागी रिकामा डाग उमटतो. मोठ्या संकुलाला ३ नॅनोमीटरचा कार्बन पुरतो, पण १०० किलोडाल्टनच्या खालच्या प्रथिनाला तोच कार्बन पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडवतो. तिथे ग्राफीनच वापरावं.

आता खरा प्रश्न: पाणी काढून टाकलेलं प्रथिन हे प्रथिन राहतं का? सुरुवातीच्या प्रयोगांत ग्रिड सामान्य तापमानाला असायची आणि उतरवल्यावर द्रव नायट्रोजनमध्ये घातली जायची. फेरिटिन, अल्कोहोल डिहायड्रोजनेज, ग्रोईएल, बीटा-गॅलॅक्टोसिडेज या प्रथिनांचे आकार ओळखू आले, बर्फ नसल्याने कॉन्ट्रास्टही डोळ्यात भरण्याइतका चांगला होता. पण बारकावे हाती लागत नव्हते. मग गटाने ग्रिडच थंड केली. २०२४ मध्ये थंड पृष्ठभागावर उतरवलेल्या बीटा-गॅलॅक्टोसिडेजची रचना २.६ अँगस्ट्रॉम (०.२६ नॅनोमीटर) इतक्या बारकाईने मिळाली. घडी, हेलिक्स, पत्रे सगळं जागच्या जागी. जिथे पाण्याने भरलेल्या खाचा आणि पोकळ्या होत्या तिथे मात्र रचना आत ओढली गेली होती. पाणी गेलं की मोकळ्या बाजूकडचे भाग एकमेकांकडे झुकतात, हे संगणकीय सिम्युलेशननेही दाखवलं.

हे निकाल उत्तम आहेत, आणि त्यांच्याकडे पाहण्याचा नियम साधा: घट्ट गाभ्यासाठी अशा मिळालेल्या रचनेच्या नकाशावर भरवसा ठेवा. पाण्याने भरलेल्या सक्रिय जागेच्या, खाचेच्या किंवा सैल लूपच्या तपशिलासाठी ठेवू नका. औषधाचा रेणू पाण्याच्या साखळीवर धरलेला असेल, तर तो प्रश्न नेहमीच्या बर्फाकडेच न्यावा.

थंड ग्रिडची एक अट मात्र निर्दय आहे, आणि ती निर्वाताची. १०⁻⁶ टॉर (टॉर हे हवेच्या दाबाचं एकक) दाबाला थंड पृष्ठभागावर उरलेल्या वायूचा दर सेकंदाला जवळपास एक रेणूथर बसू शकतो. हा वायू मुख्यतः पाणी असेल तर अर्ध्या तासात पाचशे नॅनोमीटर बर्फ, ग्रिड संपली. १०⁻⁸ टॉरला त्याच वेळात जेमतेम पाच नॅनोमीटर. म्हणून कक्षाची बेकिंग (तापवून आतलं पाणी घालवणं), ग्रिडभोवतीची थंड ढाल आणि द्रव नायट्रोजनच्या खाली राहून होणारं हस्तांतर यात काटकसर चालत नाही. मायक्रोस्कोपवर ग्रिडच्या चौकटी धूसर, दाणेदार दिसल्या तर नमुन्याआधी पंप तपासा.

तोडीची दुसरी वाट विस्कॉन्सिन-मॅडिसनमधल्या जोशुआ कून यांच्या गटाची. तेही बदल केलेल्या मास स्पेकमधूनच आयन उतरवतात, पण कोरड्या कार्बनवर न उतरवता ग्लिसरॉलच्या पातळ थरात. २०२२ मधल्या कामात त्यांनी असं उतरवलेलं संकुल निगेटिव्ह स्टेनने (भोवती जड धातूचा रंग देऊन) पाहून त्रिमितीय आकार काढला. ग्लिसरॉल गादीचं काम करतं आणि सुकण्यापासूनही वाचवतं, ही कल्पना मनापासून पटते. तपशिलाच्या बाबतीत मात्र आजघडीला ऑक्सफर्डचा थंड मंच पुढे आहे.

मग कुणी या वाटेला जावं? तक्रार फक्त कण एका बाजूने झोपतात एवढीच असेल, तर आधी ८ मिलिमोलर चॅप्सो (एक डिटर्जंट) घालून पाहा, मग ग्राफीनचा आधार. दोन्ही उपाय आठवड्याभरात होतात आणि बऱ्याचदा पुरतात. मिश्रण न सुटणारं असेल, म्हणजे एकाच नमुन्यात सहा आणि आठ उपघटकांची संकुलं, अर्धी लिगंडसह आणि अर्धी त्याविना, तर मात्र याच्याइतकं योग्य यंत्र दुसरं नाही. पेशीच्या पडद्यातली प्रथिनं डिटर्जंटमधून मोकळी करायला जास्त जोराच्या टकरा लागतात. सी८ई४सारखं सहज सुटणारं डिटर्जंट वापरूनही सुरुवात तिथून करू नये. पहिल्या प्रयोगाला ग्रोईएल किंवा बीटा-गॅलॅक्टोसिडेज घ्या. त्यांचं योग्य दिसणं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे चूक यंत्राची की नमुन्याची ते लगेच कळतं.

यंत्राची वेळ मागण्याआधी तीन गोष्टी जवळच्या कुठल्याही नेटिव्ह मास स्पेकवर तपासता येतात. बफर बदलल्यावर संकुल शाबूत आहे का. शिखरं इतकी अरुंद आहेत का, की दोन शेजाऱ्यांमध्ये खिडकी बसेल. आणि स्प्रे न अडखळता सलग तासभर चालतो का; यातली शेवटची सर्वांत जास्त वेळा फसते. केशिकेच्या टोकाशी गुठळी बसते, प्रवाह अर्ध्यावर येतो आणि कळतं तेव्हा ग्रिड अर्धीच भरलेली असते. नमुना भरण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये १५,००० जीला (गुरुत्वाच्या १५,००० पट) दहा मिनिटं फिरवून वरचाच भाग घ्या, दोन केशिका भरून तयार ठेवा, आणि पिकोअँपिअरचा आकडा दर मिनिटाला लिहून ठेवा, म्हणजे केशिका मध्येच बदलावी लागली तरी एकूण किती भार उतरला त्याची बेरीज करता येईल.