कॅन्सरवरची लस: ट्रायलमधली एमआरएनए की पैसे भरून घ्यायची डेंड्रायटिक सेलवाली?

आधी एक घोळ मिटवू. एचपीव्ही या व्हायरसवरची लस कॅन्सर होऊ नये म्हणून घेतात, इथे बोलतोय ती झाल्यावर द्यायची, म्हणजे नाव लस पण काम औषधाचं.

डेंड्रायटिक सेल म्हणजे शत्रू कोण ते इतर इम्युन पेशींना दाखवणाऱ्या पेशी, त्यांची पद्धत त्यातल्या त्यात जुनी. पेशंटच्या रक्तातून पेशी काढायच्या, लॅबमध्ये त्यांना ट्यूमरची ओळख पटवायची आणि परत शरीरात सोडायच्या. जवळपास याच पद्धतीची सिप्युल्यूसेल-टी २०१० मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झाली, ५१२ जणांच्या ट्रायलमध्ये आयुष्य साधारण ४ महिन्यांनी वाढलं पण आजार पुढे सरकायचा वेळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच निघाला, त्यामुळे डॉक्टरांमध्येही यावर बराच वाद झाला. काही क्लिनिक कुठल्याही कॅन्सरवर, कुठल्याही स्टेजला 'डेंड्रायटिक थेरपी' म्हणून जे विकतात त्याला हा पुरावा लागू होत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या.

एमआरएनए म्हणजे कुठलं प्रोटीन बनवायचं ही पेशीला दिलेली चिठ्ठी, त्याची लस प्रत्येकासाठी वेगळी बनते. ट्यूमरचं सिक्वेन्सिंग करून, म्हणजे त्याची जीन्स वाचून, त्यातले जास्तीत जास्त ३४ बदल निवडतात आणि शरीराच्या टी सेल्सना, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारू शकणाऱ्या इम्युन पेशींना, तेच दाखवतात. मॉडर्ना आणि मर्कच्या ट्रायलमध्ये मेलानोमाचं (त्वचेच्या एका कॅन्सरचं) ऑपरेशन झालेले, आजार परत यायचा धोका जास्त असलेले १५७ जण होते, काहींना फक्त पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि बाकीच्यांना त्याच्यासोबत लस. आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी, ही हेडलाइन सगळीकडे फिरली. पण ४४ टक्के म्हणजे शंभरातले ४४ वाचले असं नाही हो! दीड वर्षानंतर आजार न परतलेले लसवाल्या गटात साधारण ७९ टक्के, दुसऱ्यात ६२. फरक चांगलाच आहे, पण ट्रायल छोटी होती, म्हणूनच २०२३ मध्ये मोठी फेज ३, म्हणजे मंजुरीआधीची शेवटच्या टप्प्याची ट्रायल, सुरू झाली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर बायोएनटेकची लस तर १६ जणांनाच दिली होती, त्यातल्या ८ जणांची इम्युनिटी जागी झाली. (जीएसकेची मेज-ए३ लसही सुरुवातीला आशादायक वाटत होती, मग फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २ हजारांहून जास्त पेशंटवर करून पाहिली आणि २०१४ मध्ये फेल गेली.)

आता निवडायचं कसं? ऑपरेशन नुकतंच झालंय, शरीरात आजार थोडाच उरलाय किंवा दिसतच नाहीये, तर मी ट्रायलकडे झुकेन, कारण लसीने तयार केलेल्या टी सेल्सना मोठ्या गाठीपेक्षा उरल्यासुरल्या पेशी मारणं सोपं जातं. आजार सगळीकडे पसरलाय आणि घाई आहे तर आधी डॉक्टर सांगतील ती केमो किंवा इम्युनोथेरपी, कारण अशी लस बनायलाच काही आठवडे जातात. ट्रायलमध्ये नाव लागलं म्हणजे लस मिळेलच असंही नाही, तुम्ही दुसऱ्या गटात जाऊ शकता, पण नेहमीची ट्रीटमेंट सहसा चालूच राहते. आणि प्रयोगातल्या औषधाचंच मोठं बिल कोणी पुढे केलं तर ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, तो नसेल तर सरळ उठून या.

एक काम मात्र ऑपरेशनच्या आधीच करा, काढलेल्या ट्यूमरचा नमुना कसा आणि किती दिवस जपून ठेवणार ते सर्जनला विचारा, एमआरएनएवाली लस त्याच्या सिक्वेन्सिंगवरूनच बनते.