सेंटर स्टँड नसलेली ३०० सीसी आणि रोजचे दीडशे किलोमीटर: आठ महिन्यांनंतर

मूळ चेन-स्प्रॉकेटचा संच (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाकं) १२,८०० किलोमीटरला संपला. पुढच्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे एका बाजूला झुकलेले, आणि मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढली की निम्मा दात उघडा पडत होता. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: झीज वॉरंटीत येत नाही. नियमाने ते बरोबरच आहे. पण तेरा हजारही न होता संच का संपला याचं कारण गाडीच्या पोटाखाली आहे. तिथे सेंटर स्टँड, म्हणजे मागचं चाक हवेत उचलून धरणारा मधला स्टँड, नाही.

गाडी म्हणजे ३०० सीसीच्या आसपासची, एक सिलेंडर, लिक्विड कूल्ड, सहा गिअर, दोन्ही चाकांना एबीएस, वजन १६० किलोच्या आत. नव्याने बाईक शिकलेल्याला सगळे सुचवतात ती. वापर असा: एका बाजूने ७५ किलोमीटर, त्यातले ६५ हायवेचे, महिन्यातून बावीस दिवस. म्हणजे महिन्याला ३,३०० आणि आठ महिन्यांत २६ हजारांवर. पॉवर, टॉर्क, डिस्प्ले हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते पुन्हा सांगत नाही.

आता चेनचा हिशोब. ओ-रिंगवाल्या (कड्यांमध्ये रबरी कडी असलेल्या) चेनला साधारण दर ५०० ते ७०० किलोमीटरला तेल हवं, पावसात भिजली तर त्याच दिवशी. शहरात रोज पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याला ६०० किलोमीटर व्हायला चाळीस दिवस लागतात. इथे चौथ्या दिवशी होतात. म्हणजे जे काम इतरांना महिन्या-दीड महिन्याने येतं, ते आठवड्यातून एकदा तरी करायचंच, आणि तेही गाडी साइड स्टँडवर असताना.

मागच्या स्प्रॉकेटला ३८ दात आणि चेनला ११० कड्या असतील, तर अख्खी चेन एकदा समोरून जायला मागचं चाक जवळजवळ तीन वेळा फिरावं लागतं. १४०/७०-१७ टायरची एक फेरी म्हणजे १.९७ मीटर. थोडक्यात, एका तेलपाण्यासाठी गाडी सहा मीटर ढकलायची. पार्किंगमध्ये सलग सहा मीटर जागा नसते, मग दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि कुठल्या कड्यांना तेल लागलं याचा हिशोब चुकतो. ठरावीक वीस-तीस कड्या दरवेळी न्हाऊन निघतात, दुसऱ्या बाजूच्या कोरड्या राहतात. कोरड्या कड्या आखडतात, चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते. मग सैल जागी माप घेऊन ताण दिला की ताठ जागा आणखी ताणली जाते आणि दात खाऊ लागते. तेरा हजारांच्या आत संच संपतो तो असा.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवत तेल मारण्याचे व्हिडिओ बरेच आहेत. ते करू नये. कापडाचं टोक स्प्रॉकेटमध्ये गेलं की त्यामागे बोट जातं, आणि ते परत येत नाही.

दुसऱ्या संचापासून जी पद्धत लागू पडली ती अशी. एका कडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. घरी पोहोचल्यावर, चेन गरम असतानाच, रॉकेलात भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसायची (पेट्रोल नको, ओ-रिंग फुगतात), कोरड्या फडक्याने टिपायची आणि आतल्या बाजूने, म्हणजे खालच्या पट्ट्यावर वरून, ल्यूब मारायचं. चेन फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, त्यामुळे आतून मारलेलं रोलरपर्यंत पोहोचतं आणि बाहेरून मारलेलं रिमवर. ठिपका परत आला की थांबायचं. रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी निघताना मारलं तर पहिल्याच दहा किलोमीटरमध्ये अर्धं मागच्या टायरवर असतं, आणि ते केवळ घाण म्हणून वाईट नाही.

ताण ताठ जागी मोजायचा, चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर, कंपनीच्या आकड्याप्रमाणे. या गाडीला २५ ते ३५ मिलिमीटर. नव्या माणसाला सैल चेन बघून भीती वाटते आणि तो घट्ट करतो. उलट आहे. माणूस बसला की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर जातो आणि चेन आपोआप ताणली जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग ओढते, तिथलं ऑइल सील गळायला लागतं. झीज मोजायची तर वीस कड्यांची लांबी घ्यावी: ५२० मापाची चेन नवी असताना ३१७.५ मिलिमीटर. ३२१ च्या आसपास गेली की नवा संच मागवून ठेवावा. काही मॅन्युअलमध्ये ३२३ पर्यंत चालवायला सांगतात, पण हायवेच्या वेगाला तिथपर्यंत ताणण्यात बचत नाही, स्प्रॉकेट जातात.

एवढं सगळं सेंटर स्टँडवर पाच मिनिटांत होतं. साध्या १२५ सीसी गाडीला तो असतो. महागड्या गाडीला नसतो, कारण ती ‘स्पोर्टी’ दिसली पाहिजे.

असो. हायवेवर गाडी कशी आहे?

पहिल्या पाच हजार किलोमीटरला मत असं होतं की ३०० सीसी हायवेला कमी पडते. कारण पॉवर नव्हे, आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या). सहाव्या गिअरमध्ये खऱ्या ताशी ११० किलोमीटरला इंजिन ७,१०० वर फिरतं. एक सिलेंडरला बॅलन्सर शाफ्ट (थरथर कमी करणारा) असूनही त्या फिरकीला हँडलमध्ये मुंग्या येतात. पाऊण तासाने उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. आरशात मागचा ट्रक दिसतो, पण तो किती लांब आहे ते कळत नाही, कारण आरसाच थरथरतो. नंबरप्लेटचा एक बोल्ट ३,००० ला पडला, दुसरा सैल सापडला. निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब हे त्यावरचं औषध, आणि ते पहिल्याच सर्व्हिसिंगला करून घ्यावं.

त्यामुळे नवा संच बसवताना पुढचं स्प्रॉकेट १४ ऐवजी १५ दातांचं घेतलं. गणित सरळ आहे: ३८ भागिले १४ म्हणजे २.७१, ३८ भागिले १५ म्हणजे २.५३. आरपीएम पावणेसात टक्क्यांनी उतरतात. ११० ला ७,१०० च्या जागी साधारण ६,६२०. कागदावर फार नाही, पण हातांना फरक कळतो. व्हायब्रेशनचा सगळ्यात त्रासदायक पट्टा आता १०३ ऐवजी ११० ला सुरू होतो.

काम करताना क्रम चुकवू नये. पुढच्या स्प्रॉकेटचा नट आधी सैल करायचा, चेन जागेवर असताना, पहिल्या गिअरमध्ये आणि मागचा ब्रेक दाबून. चेन काढून बसलात की नटाबरोबर शाफ्ट फिरत राहतो. लॉक वॉशरची (नट अडवून धरणाऱ्या चकतीची) पाकळी आधी सरळ करावी आणि बसवताना शक्यतो वॉशर नवाच घ्यावा. एक दात वाढला की मागच्या चाकाचा एक्सल साधारण ४ मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो, म्हणून जुनी, लांबलेली चेन ठेवून फक्त पुढचं स्प्रॉकेट बदलायचं असेल तर ॲडजस्टरमध्ये जागा मिळते, पण नव्या दातांवर जुनी चेन चढवणं म्हणजे नवे दात फुकट घालवणं. कव्हर लावण्याआधी चेन कव्हरला कुठे घासत नाही ना, ते चाक हाताने फिरवून बघावं (पुन्हा तेच: चाक हवेत हवं, म्हणजे स्टँड हवा).

स्पीडोमीटरचं भान ठेवावं. सेन्सर चाकावर असेल तर काही बिघडत नाही. गिअरबॉक्सवर असेल तर काटा आता पूर्वीपेक्षा सात टक्के कमी वेग धरतो. बहुतेक गाड्यांचे मीटर मुळातच जास्त दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला मनाई आहे, जास्त मात्र दहा टक्के आणि वर ४ किलोमीटरपर्यंत चालतो. त्यामुळे कधी कधी बदलानंतर मीटर खरं बोलायला लागतं, कधी चक्क कमी सांगतं. जीपीएसशी एकदा ताडून घ्यावं, नाहीतर दंडाची पावती येते आणि आपण मात्र मर्यादेत होतो असं छातीठोक सांगत बसतो.

वीस हजारांनंतर मत पुन्हा बदललं, आणि यावेळी १५ दातांच्या बाजूने नाही. समोरून वारा असला किंवा लांब चढ लागला की सहावा गिअर ओढत नाही, पाचव्यात यावं लागतं, आणि पाचव्यात आरपीएम पूर्वीच्या सहाव्यापेक्षा जास्त. म्हणजे शांत दिवसाची कमाई वाऱ्याच्या दिवशी परत जाते. ट्रॅफिकमध्ये पहिला गिअर लांबल्याने क्लच अर्धवट दाबून जास्त चालवावं लागतं. नवख्या हाताला हे आधी जाणवतं. रस्ता सपाट आणि मोकळा असेल तर १५, चढउताराचा किंवा शेवटचे दहा किलोमीटर गर्दीचे असतील तर १४ च ठेवा.

खरा उपाय स्प्रॉकेट नव्हता, वेग होता. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ९० वरून ११० ला गेलं की रोध दीडपट, आणि त्यासाठी लागणारी पॉवर एक पूर्णांक आठपट. ३०० सीसीत शिल्लक असते ती सगळी त्यातच संपते, ओव्हरटेकला उरत नाही. ॲव्हरेज ९० ला ३४, ११० ला २७. टाकी १३ लिटरची, त्यातले निर्धास्त वापरायचे दहा. ९० ने चाललं तर ३४० किलोमीटर, म्हणजे दोन दिवसांचे तीनशे निघतात आणि पेट्रोल दिवसाआड. ११० ने २७०, म्हणजे दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पंपावर रांगेत. ६५ किलोमीटरच्या हायवेत ११० ने वाचतात जेमतेम आठ मिनिटं, आणि त्यातली पाच पंपावर जातात. हा हिशोब समजल्यापासून गाडीबद्दलची निम्मी तक्रार गेली.

ज्यांना ९० ते ९५ वर राहणं शक्य नाही, कारण त्यांच्या रस्त्यावर सगळी वाहतूकच ११०-१२० ने वाहते, त्यांनी एक सिलेंडरच्या नादी लागू नये. दोन सिलेंडरची ४०० ते ५०० सीसी बघावी. युरोपातल्या ए२ या मधल्या टप्प्याच्या दुचाकी परवान्याला ३५ किलोवॅटची, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीची मर्यादा आहे. होंडाच्या ४७१ सीसीच्या सीबी५०० गाड्या नेमक्या तिथेच बेतलेल्या आहेत. नवशिक्यासाठी आखलेली आणि तरी हायवेला दमछाक न होणारी, अशी ती पट्टी. वजन तीस किलोने वाढतं, टायर रुंद आणि महाग, स्पार्क प्लग दोन. लहान इंजिन घेण्याआधी आपल्या द्रुतगती मार्गाचा नियमही बघावा: जपानमध्ये १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला द्रुतगती मार्गावर प्रवेश नाही, आणि काही ठिकाणी दुचाकीलाच नाही.

वाऱ्याबद्दल थोडं. मूळ काचेची उंची अशी की वारा छातीवरून उचलून थेट हेल्मेटच्या हनुवटीवर सोडते. छातीला आराम, डोकं मात्र थडथडत राहतं. मोठी काच लावून फरक पडेलच असं नाही, कधी वाढतो. आधी उभं राहून बघावं: फूटरेस्टवर किंचित उठलात आणि थडथड थांबली, तर तुमच्या उंचीला काच छोटी हवी, मोठी नव्हे. १०० च्या पुढे हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज कानाला इजा होण्याइतका असतो, तेही रोज दोन वेळा; फोमचे इअरप्लग हे सगळ्यात स्वस्त सामान आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. हॉर्न त्यातून ऐकू येतो.

मागचा मूळ टायर १४,००० ला मध्यभागी सपाट झाला, कडेला मात्र नव्यासारखा. सरळ रस्त्याचा टायर असाच जातो. नुसत्या खाचांची खोली बघून फसू नये. वळणावर गाडी अचानक कलंडल्यासारखी वाटायला लागली की सपाट पट्ट्याची कड आली असं समजावं. दुसरा टायर घेताना मऊ स्पोर्ट रबर न घेता टूरिंगचा घेतला, १२ हजारांनंतर अजून झिजेची खूण दिसायची आहे. हवा थंड टायरमध्ये मोजायची, दर सोमवारी, पुढे २९ आणि मागे ३३ पीएसआय.

ऑइल दर ५,००० ला, म्हणजे दीड महिन्याला. एअर फिल्टर १५,००० ला बदलला. हेडलाइटची झोत-रेषा कारखान्यातून फार खाली आली होती. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून, सीटवर माणूस बसवून वर घ्यावी लागली. बाकी इंजिनने आठ महिन्यांत कसलीच कुरकुर केली नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

आणि स्टँड. बाहेरून सेंटर स्टँड बसवता येईल का, याचं उत्तर नाही. त्याची जागा सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक डब्याने घेतली आहे आणि फ्रेमला त्यासाठी कान ठेवलेलेच नाहीत. उरतो मागचा पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलणारा सुटा स्टँड. या स्विंगआर्मला स्पूल (स्टँड अडकवायच्या छोट्या गुंड्या) लावायची भोकं आहेत, त्यामुळे स्पूल आणि ‘व्ही’ आकाराच्या पकडीचा घ्यावा. ‘एल’ आकाराच्या रबराचा स्टँड खालून नुसता टेकतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. पहिल्यांदा लावताना साइड स्टँड उघडाच ठेवावा आणि दुसरा माणूस समोरून हँडल धरायला हवा. गाडी घेतानाच हा स्टँड पदरात पाडून घ्यावा, सीट कव्हर आणि की-चेन देत असतात त्याऐवजी.