क्रेडिट कार्डाची तक्रार सेवा: फोनवाले चोख, शाखा म्हणजे डोक्याला ताप

पाचपैकी अडीच तारे. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण पुरतं मिटलेलं नाही.

सीबीएसजवळ (मध्यवर्ती बस स्टँड), कोर्टाच्या बाजूला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. ऐन गर्दीत फोनवर कार्डावरून पैसे गेल्याचा मेसेज आला, डॉलरमध्ये, अगदी किरकोळ रकमेचा. चोरटे आधी कार्ड चालतंय का ते असं चाचपून बघतात. तो वाचतेय तोवर दुसरा आला, चाळीस हजारांच्या वरचा. ओटीपी आलाच नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जो भेटला त्याचा पहिला प्रश्न तोच: "ओटीपी कुणाला दिला का?" आपल्याकडच्या साइटवर ओटीपी लागतो. परदेशी साइट तो मागेलच असं नाही. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे हाताला लागले की त्यांचं काम झालं. मुलाच्या परदेशी विद्यापीठाच्या अर्जाची फी भरायची होती, त्यासाठी माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू होते.

कार्डामागच्या नंबरवर फोन लावला. मराठीचं बटण दाबूनही समोरून हिंदीच, पण बाईंनी उगाच वेळ काढला नाही. कार्ड लगेच ब्लॉक केलं आणि फोन ठेवायच्या आत तक्रार क्रमांकाचा मेसेज पाठवला. या कामाला पैकीच्या पैकी.

मग १९३०. ही सरकारी सायबर हेल्पलाइन आहे, पैसे गेले की लगेच लावायची. बँक कुठली, रक्कम किती, व्यवहार कधी झाला एवढं विचारतात आणि पोचक्रमांक देतात. पुढची तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पूर्ण करायची. पैसे भारतातल्याच खात्यात गेले असतील तर ते तिथे गोठवता येतात, म्हणून एकेक मिनिट मोलाचं. माझे परदेशी दुकानदाराकडे गेलेले, त्यामुळे मला उपयोग झाला तो त्या पोचक्रमांकाचा. बँकेचा सूर त्यानंतरच जरा बदलला.

आता शाखा. काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म भरायला घेतला आणि "ओटीपी शेअर केला" या रकान्यात मला न विचारताच "होय" वर पेन टेकवलं. मी म्हटलं, "साहेब, थांबा." तर म्हणे, "मॅडम, त्याशिवाय पैसे जातच नाहीत." दुकानातून निघतानाच मी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची प्रिंट घेतली होती. (झेरॉक्सवालीशी कागदावरून वाद घालू नये.) त्यात स्वच्छ लिहिलंय: चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानेच घोळ केलाय, अशा वेळी ३ कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर एक रुपयाचाही भार नाही. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. ४ ते ७ कामकाजी दिवसांत कळवलं तर भाराला मर्यादा आहे. नेहमीच्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत लिमिटच्या क्रेडिट कार्डाला ती १० हजार. आणि चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचं काम बँकेचं.

साहेबांनी प्रिंट उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "मॅनेजर आले की बघू." अर्जाची पोच मात्र देईनात. शेवटी शिपाईदादांनीच माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारला, तारीख घातली, वर वेळही लिहिली. शाखेला दिलेला अर्धा तारा त्यांचा आहे.

कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते, आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. जमा वेळेत झाली. पण पुढच्या बिलात त्याच वादातल्या रकमेवर व्याजही आणि लेट फीही! क्रेडिट कार्डाच्या बाबतीत व्याजाचा जादा बोजा ग्राहकावर पडता कामा नये, हेही त्याच परिपत्रकात आहे. नोडल ऑफिसरला (बँकेतला तक्रारी बघणारा वरचा अधिकारी) मेल टाकला आणि शेवटी लिहिलं, "३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन." ती तक्रार फुकट आणि ऑनलाइन होते. मग पटकन उत्तर आलं.

या धांदलीत माझ्या नावावर कुणी कर्ज उचललंय का, तेही बघून घेतलं. आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. माझं सगळं ठीक निघालं. पण माझ्या मशीनच्या काचेवर लोक रोज आधार विसरून जातात, जादा निघालेल्या प्रती तशाच टाकून जातात, ते बघून पोटात गोळा येतो. शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार काढा, प्रतीवर कशासाठी दिली ते आडवं लिहा. काही कार्यालयं मास्क्ड घेत नाहीत, तिथे निदान प्रतीवर कारण तरी लिहा.

निकाल माझ्या बाजूने लागला. व्याज परत आलं, पाचशेची लेट फीही आली. तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे नव्वद रुपये, अजून यायचेत. त्यासाठी वेगळी तक्रार टाकलीय.