डूकेन इन्क्लाइन : लाकडी दात्यांच्या चाकावर चालणारी डोंगरगाडी

अमेरिकेतल्या पिट्सबर्गला मुलीकडे मुक्कामाला असताना डूकेन इन्क्लाइनने, म्हणजे डोंगराच्या उभ्या उतारावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने, मी चार वेळा वर-खाली केले, आणि चौथ्या खेपेला खिडकीकडे पाठ करून बसलो, कारण तोवर बाहेरच्या देखाव्यापेक्षा डब्यातले सुतारकामच अधिक निरखावेसे वाटू लागले होते. फिलाडेल्फियाच्या जे. जी. ब्रिल कंपनीने बांधलेल्या या डब्यांवर चढलेले रंगाचे थर पुढे काढून टाकण्यात आले आणि खालचे मूळ लाकूड पुन्हा दिसू लागले. त्या जुन्या लाकडावरून हात फिरवताना आपण एखाद्या जपलेल्या वाड्याच्या माजघरात बसलो आहोत असे वाटते.

मोनोन्गाहेला नदीच्या दक्षिण काठावरच्या या डोंगराला आज माउंट वॉशिंग्टन म्हणतात. पूर्वी तो कोल हिल होता, कारण त्याच्या पोटातून कोळसा निघत असे. नदीकाठची सपाट जागा कारखान्यांनी व्यापली, तेव्हा कामगारांची वस्ती वर सरकली आणि दिवसभर राबून थकलेल्या माणसांना रोज संध्याकाळी तो उभा चढ चढावा लागू लागला. या वस्तीतल्या जर्मन लोकांना मायदेशातील दोरावर चालणाऱ्या गाड्या ठाऊक होत्या, आणि त्याच धर्तीवर इथेही गाड्या उभ्या राहिल्या. प्रवाशांसाठीची मोनोन्गाहेला इन्क्लाइन १८७० साली सुरू झाली आणि त्यानंतर सात वर्षांनी, २० मे १८७७ रोजी, हंगेरीत जन्मलेले अभियंते सॅम्युअल डीशर यांनी आखलेली ही डूकेन इन्क्लाइन धावू लागली. लांबी सुमारे ८०० फूट, चढाई ४०० फूट आणि कोन साडेतीस अंशांचा. शहरात अशा अनेक गाड्या होत्या. आज या दोनच उरल्या आहेत.

तिची रचना रहाटाला बांधलेल्या दोन घागरींसारखी आहे : एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो आणि दोघांची वजने एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे यंत्राला दोन्हीकडच्या भारातला फरक आणि घर्षण एवढ्याचाच जोर लावावा लागतो. हे यंत्र पूर्वी वाफेवर चालत असे, आता विजेवर चालते. वरच्या स्थानकात थोडे पैसे देऊन यंत्रघर पाहता येते, आणि माझ्या मते या भेटीचा खरा ठेवा तोच आहे. एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य काढलेल्या मला गिअर नवे नव्हते, पण तिथल्या अजस्र लोखंडी चाकाचे दाते लाकडाचे आहेत हे पाहून मी बराच वेळ कठड्याशी उभा राहिलो. लोखंडावर लोखंड घासल्यावर जो खणखणाट होतो तो लाकडी दात्यांमुळे होत नाही, हिसका बसला तर लाकूड तो सोसते, आणि एखादा दाता झिजला तर पूर्ण चाक न उतरवता तेवढाच बदलता येतो.

हे सारे भंगारात जायचे होते. १९६२ साली मोठ्या दुरुस्तीची गरज निर्माण झाली, प्रवासी रोडावले होते, आणि गाडी बंद पडली. तेव्हा डोंगरावरच्या डूकेन हाइट्स या वस्तीच्या रहिवाशांनी वर्गणी गोळा केली, आणि १ जुलै १९६३ रोजी ती पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून तिची देखभाल रहिवाशांनी उभारलेल्या ना-नफा संस्थेकडे आहे. वरच्या स्थानकातली जुनी छायाचित्रे नीट लावलेली, फरशी स्वच्छ, आणि प्रश्न विचारला तर कर्मचारी घाई न करता उत्तर देतात. आपली वस्तू सांभाळणाऱ्यांचा हा जिव्हाळा मला जागोजागी जाणवला.

वरच्या सज्जातून ॲलेघेनी आणि मोनोन्गाहेला एकत्र येऊन ओहायो नदी होताना दिसते. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्या माणसाचे पाय तिथून लवकर निघत नाहीत.

डबे लहान असल्यामुळे सुटीच्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास रांग लागते, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी जावे. सोबत चाकांच्या खुर्चीवरील व्यक्ती असेल तर मोनोन्गाहेला इन्क्लाइन सोयीची पडेल. भाडे वरच्या स्थानकात द्यायचे असते, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवावेत. त्यातलीच काही नाणी यंत्रघरासाठी राखावीत.